परदेशी निघताना: विम्याचा फॉर्म, गोळ्यांची पुडी आणि काळ्या मसाल्याची बरणी

आमच्या जळगावात कुणाच्या घरून परदेशी जायचं ठरलं की पहिली बोलणी बॅगेची होतात. किती किलो चालतं, पापड मोडतील का, जावयाला आवडतात म्हणून बिबडे न्यायचे का. दुसरी बोलणी स्वेटरची. विम्याचं नाव निघतं ते निघायच्या दोन दिवस आधी, तेही तिकीट काढून देणारा मुलगा विचारतो म्हणून. "काका, इन्शुरन्स टाकून देऊ का?" काका म्हणतात, "दे टाकून, स्वस्तातला." झालं काम.

मीही पहिल्या वेळी "दे टाकून" म्हणूनच गेलो होतो. त्यानंतर लेकीच्या बाळंतपणाला अमेरिकेत आणि एकदा युरोपच्या सहलीला जाऊन आलो, काही गोष्टी अंगावर घेऊन शिकलो, काही जवळच्यांच्या पाहून. आता कॉलनीतलं कुणी निघालं की कागदांची पिशवी घेऊन आमच्या ओट्यावर येतं. प्रत्येकाला तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा क्रमाने लिहून काढतो. पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी आहे; ज्यांचं येणं-जाणं नेहमीचं आहे त्यांनी फॉर्मचा आणि क्लेमचा भाग तेवढा वाचावा.

तीन-चार महिने आधी: पासपोर्ट, नाव आणि १ जून

पासपोर्ट काढून पहा. मुदत संपायला सहा महिन्यांपेक्षा कमी असतील तर कितीतरी देश आत घेत नाहीत, आणि विमान कंपनी मुंबईतूनच परत पाठवते. मुदत संपायच्या वर्षभर आधीपासून नवीन करता येतो, त्यामुळे वाट पाहू नका. साधा ३६ पानी पासपोर्ट १,५०० रुपयांत होतो, दहा वर्षं चालतो. तत्काळचे २,००० वेगळे.

मग नाव. आपल्याकडे बायकांच्या नावाचा घोळ ठरलेला. आधार कार्डावर सासरचं, दाखल्यावर माहेरचं, बँकेत अर्धं इकडचं अर्धं तिकडचं. पासपोर्टवर जे आणि जसं छापलंय, तेच तिकिटावर, तेच व्हिसावर आणि तेच विम्यावर. पाटीलच्या स्पेलिंगमध्ये एक अक्षर जास्त पडलं तरी क्लेमच्या वेळी कागद परत येतो.

जन्मतारखेचं तर विचारूच नका. आमच्या पिढीतले निम्मे लोक १ जूनला जन्मले आहेत. शाळेत नाव घालताना मास्तरांनी विचारलं, घरच्यांनी "पावसाच्या आधीचा" म्हणून सांगितलं, आणि मास्तरांनी १ जून टाकली. खरी तारीख आईला तिथीने माहीत. हे सगळं कौतुकाचं आहे, पण विम्याचा हप्ता वयावर ठरतो. म्हणून विम्यावर पासपोर्टचीच तारीख घाला. घरी वाढदिवस कधी करायचा तो तुमचा प्रश्न.

विमा कधी घ्यायचा, किती घ्यायचा

तिकीट पक्कं झालं की त्याच आठवड्यात घ्या. सहल रद्द झाल्याची भरपाई पॉलिसीत असेल तर ती पॉलिसी घेतल्यानंतर घडलेल्या गोष्टींनाच लागू होते. आजोबा आधीच दवाखान्यात असतील आणि मग तुम्ही विमा घेतला, तर उपयोग नाही. आणि भारतीय कंपनीची प्रवास पॉलिसी भारतातून निघायच्या आधीच घ्यावी लागते. तिथे पोहोचल्यावर "आता घेऊ" म्हटलं तर मग तिकडच्या कंपनीकडे जावं लागतं.

रक्कम देशावर ठरते. युरोपातल्या शेंगेन देशांचा (एकाच व्हिसावर फिरता येतं ते देश) व्हिसा हवा असेल तर नियमच आहे: किमान ३०,००० युरोचं वैद्यकीय संरक्षण, सगळ्या शेंगेन देशांत चालणारं, आणि त्यात तातडीचा उपचार, रुग्णालय आणि मृतदेह किंवा आजारी माणूस मायदेशी परत आणण्याचा खर्च धरलेला. तेवढ्यावर व्हिसा मिळतो म्हणून लोक नेमकं तेवढंच घेतात. मी थोडं जास्त घ्या म्हणेन, फरक फार पडत नाही.

अमेरिकेचं उलटं आहे. साध्या भेटीच्या व्हिसाला विमा मागत नाहीत, म्हणून लोकांना वाटतं लागत नसेल. पण जगात दवाखाना सगळ्यात महाग तिथेच. म्हणून भारतीय कंपन्यांच्या पॉलिसीत दोन भाव असतात: अमेरिका-कॅनडा धरून आणि अमेरिका-कॅनडा सोडून. दुसरा स्वस्त. तिकीटवाल्याने चुकून स्वस्तातला काढला आणि तुम्ही न्यू जर्सीला उतरलात, तर तुमच्याकडे फक्त छापलेला कागद आहे. पॉलिसीच्या पहिल्या पानावर "व्याप्ती" कुठली लिहिलीय ते स्वतः वाचा. अमेरिकेसाठी ५०,००० डॉलरची पॉलिसी साठीच्या पुढच्या माणसाला मला तरी तोकडी वाटते. निदान एक लाख, जमलं तर अडीच लाख डॉलर.

तारखा घालताना निघायचा दिवस आणि परतायचा दिवस दोन्ही धरा, वर चार-आठ दिवस जास्तीचे ठेवा. नातू झाला की आजीचा पाय निघत नाही, हे कंपनीला माहीत नसतं. मुदत वाढवायची असेल तर ती संपायच्या आधी अर्ज करावा लागतो; एकदा संपली की वाढत नाही. अमेरिकेत आणखी एक: व्हिसा दहा वर्षांचा असला तरी किती दिवस राहायचं ते विमानतळावरचा अधिकारी ठरवतो आणि आय-९४ नावाच्या नोंदीत तारीख टाकतो. बहुतेकांना सहा महिने मिळतात. ती तारीख ऑनलाइन पाहून घ्या आणि विमा तिच्याशी जुळवा.

नोकरीसाठी आखाती देशात जाणाऱ्या पोरांचं वेगळं. दहावी नसलेल्यांच्या पासपोर्टवर ईसीआर शिक्का असतो, त्यांना ठरावीक देशांत कामाला जायच्या आधी सरकारची परवानगी लागते आणि तिच्यासोबत प्रवासी भारतीय बीमा योजना घ्यावीच लागते. दोन वर्षांना २७५ रुपये, तीन वर्षांना ३७५, वर कर. संरक्षण १० लाखांचं. एजंट याचे हजारो मागत असेल तर तो एजंट सोडा.

फॉर्म: इथे घाई करू नका

आता खरं सांगायचं ते. विम्याच्या फॉर्मवर एक प्रश्न असतो: आधीपासूनचा काही आजार आहे का? बीपी, शुगर, हृदय, दमा, किडनी. तिकीटवाला पोरगा तिथे पटकन "नाही"वर टिचकी मारतो. कारण "हो" म्हटलं की पुढे चार प्रश्न येतात, कधी हप्ता वाढतो, कधी कंपनी तपासण्या मागते. त्याला पुढचं गिऱ्हाईक बघायचं असतं.

माझे साडू, अमळनेरचे. नऊ वर्षांपासून बीपीची गोळी घेत होते. मुलाकडे अमेरिकेत गेले. फॉर्म कुणी भरला विचारलं तर म्हणाले, "त्या दुकानातल्या पोराने, मी सही केली." तिथे एका रात्री छातीत दुखायला लागलं. इमर्जन्सीत नेलं, दोन रात्री ठेवलं. तिथल्या नर्सने दाखल करतानाच विचारलं, काही आजार? किती वर्षांपासून? गोळी कुठली? साडू खरं बोलणारा माणूस, दवाखान्यात तर कुणीही खरंच बोलतं. "नऊ वर्षं," म्हणाले. ते केसपेपरवर लिहिलं गेलं. बिल विमा कंपनीकडे गेलं, सोबत केसपेपर गेला. कंपनीने फॉर्म काढला, शेजारी केसपेपर ठेवला. एका ठिकाणी "नाही", दुसऱ्या ठिकाणी "नऊ वर्षं". क्लेम नामंजूर. मुलगा अजून त्या दवाखान्याचे हप्ते फेडतोय.

त्यामुळे फॉर्म शेजारी बसून भरून घ्या, किंवा घरच्या पोराला लॅपटॉप घेऊन बसवा. दोन वर्षांतल्या दवाखान्याच्या फायली समोर ठेवा. सगळं लिहा. मोतीबिंदूचं ऑपरेशन, स्टेंट, थायरॉइडची गोळी, सगळं. भरलेल्या फॉर्मची प्रत मागून घ्या. पॉलिसी सगळेच ठेवतात, फॉर्म कुणी ठेवत नाही, आणि वाद त्याच्यावरूनच होतो.

"हो" लिहिल्यावर मग मिळतं काय? बहुतेक साध्या पॉलिसीत जुन्या आजाराचा नेहमीचा उपचार मिळत नाही. शुगर तपासायला गेलात, गोळ्या संपल्या म्हणून लिहून घेतल्या, ते खिशातून. पण त्याच आजारामुळे जिवावर बेतलं तर तेवढ्यापुरता खर्च देणाऱ्या पॉलिसी आहेत, थोड्या महाग. साठीच्या पुढच्या, गोळ्या चालू असलेल्या माणसाने हीच शोधावी. विचारताना सरळ विचारा: "बीपीमुळे अटॅक आला तर किती डॉलरपर्यंत देणार, आणि ते कुठल्या पानावर लिहिलंय?" पान दाखवता येत नसेल तर तोंडी "होतं हो काका"वर विश्वास ठेवू नका.

पॉलिसी वाचताना तीनच गोष्टी

तीस पानं कुणी वाचत नाही, मीही नाही. पण तीन ठिकाणी बोट ठेवा. पहिलं, डिडक्टिबल. म्हणजे प्रत्येक क्लेममध्ये सुरुवातीचे इतके डॉलर तुमचे. १०० डॉलर असेल आणि डॉक्टरचं बिल ९० झालं, तर क्लेमच नाही. दुसरं, आतल्या मर्यादा. वर मोठ्या अक्षरात एक लाख डॉलर, आणि आत बारीक अक्षरात: वय ६० च्या पुढे असेल तर खोलीला रोज इतकेच, सर्जनला इतकेच, आयसीयूला इतकेच. ही आतली यादी पाहिल्याशिवाय वरच्या आकड्याला काही अर्थ नाही. तिसरं, काय चालत नाही. दात साधारणपणे फक्त अचानक उठलेल्या कळेसाठी. दारू पिऊन पडलात तर नाही. पॅराग्लायडिंगसारखे खेळ बहुधा नाहीत. उपचारासाठीच गेलात तर मुळीच नाही.

बाकी सामान हरवणं, पासपोर्ट हरवणं, कनेक्टिंग विमान चुकणं हे सगळं असतं, रक्कम छोटी असते. त्यासाठी पॉलिसी निवडू नका, दवाखान्यासाठी निवडा.

खिशातलं कार्ड

पॉलिसी मोबाईलमध्ये आहे, असं सगळे सांगतात. मोबाईलची बॅटरी संपते, पॅटर्न फक्त तुम्हाला येतो, आणि चक्कर येऊन पडलेला माणूस पॅटर्न काढत नाही. मी लग्नपत्रिकेच्या जाड कागदाचं एक कार्ड कापलं, शर्टाच्या खिशात मावेल एवढं. वर इंग्रजीत मोठ्या अक्षरात नाव आणि जन्मतारीख. खाली रक्तगट. मग आजार आणि गोळ्या, कंपनीच्या नावाने नाही, औषधाच्या मूळ नावाने, कारण आपल्याकडचे ब्रँड तिकडच्या डॉक्टरला कळत नाहीत. अमुकची ॲलर्जी. पॉलिसी क्रमांक आणि मदतीचा चोवीस तासांचा फोन, देशाच्या कोडसकट. मुलीचा पत्ता आणि नंबर. मागच्या बाजूला जळगावच्या डॉक्टरांचा नंबर. दोन प्रती केल्या, एक बायकोच्या पर्समध्ये. लेकीने हसत फोटो काढला. काढू दे.

पासपोर्ट, व्हिसा, पॉलिसी, तिकीट यांची झेरॉक्स वेगळ्या बॅगेत, आणि सगळ्याचे फोटो घरी राहणाऱ्या एका माणसाला पाठवून ठेवा.

औषधं: केबिन बॅगेत म्हणजे केबिन बॅगेतच

पहिल्या प्रवासात आम्ही गोळ्यांचा डबा मोठ्या बॅगेत ठेवला, कारण हातातली बॅग लेकीसाठीच्या खाऊने भरली होती. मध्ये विमान बदलायचं होतं. आम्ही पोहोचलो, बॅग पोहोचली नाही. सौभाग्यवतींचं माहेर शिंदखेड्याचं, घाबरली की तिची अहिराणी वर येते. पट्ट्यावरच्या सगळ्या बॅगा फिरून संपल्या तशी ती म्हणाली, "मन्ह्या गोया कोठे शेतस?" थायरॉइड आणि बीपी, दोन्हीच्या गोळ्या त्या बॅगेत. बॅग तिसऱ्या दिवशी आली. तोवर लेकीने कुठे-कुठे फोन केले ते तिलाच माहीत.

दुसरी चूक माझी. बॅग आली नाही हे कळल्यावर विमानतळ सोडायच्या आधी विमान कंपनीच्या काउंटरवर तक्रार लिहून देऊन त्याचा कागद घ्यायचा असतो. त्याला पीआयआर म्हणतात. आम्ही तो न घेता घरी गेलो, दुसऱ्या दिवशी फोन केला. मधल्या दिवसांत स्वेटर आणि कपडे घेतले, पावत्या कचऱ्यात टाकल्या. परत आल्यावर विमा कंपनीने दोनच गोष्टी मागितल्या: पीआयआर आणि पावत्या. पैसे मिळाले नाहीत, आणि चूक त्यांची नव्हती.

तर औषधं हातातल्या बॅगेत, मुक्कामाच्या दिवसांपेक्षा थोडी जास्त, मूळ पाकिटात. डबीत सुट्या करून नेऊ नका, सुट्या गोळ्या कशाच्या आहेत ते तुम्ही कसं सिद्ध करणार? डॉक्टरांकडून लेटरहेडवर इंग्रजीत चिठ्ठी घ्या, मूळ नावांसह. इन्सुलिन मोठ्या बॅगेत कधीच नाही, खाली ते गोठू शकतं. विमानात किती वाजता गोळी घ्यायची, घड्याळ इकडचं धरायचं की तिकडचं, हे निघायच्या आधी डॉक्टरांनाच विचारा. आणि दुबईला जाणाऱ्यांनी दुखण्याच्या आणि खोकल्याच्या औषधांकडे दोनदा पहावं. ट्रामाडॉल, कोडीन असलेली औषधं तिथे परवानगीशिवाय नेली तर प्रकरण पोलिसांपर्यंत जातं.

आफ्रिकेत केनियाकडे सफारीला जाणाऱ्यांनी पिवळ्या तापाची लस निघायच्या किमान दहा दिवस आधी सरकारमान्य केंद्रात घ्यावी. साध्या दवाखान्यात ती मिळत नाही. एकदा घेतली की आयुष्यभर चालते. ती घेतल्याचं पिवळं कार्ड जपा, ते नसेल तर परत येताना मुंबईत उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात.

बरणीची गोष्ट

आपला काळा मसाला. भाजलेलं सुकं खोबरं, कांदा, धने, दगडफूल, तीळ, आणि बऱ्याच घरांत खसखस. त्यातली खसखस संयुक्त अरब अमिराती, सौदी, कतार इथे बंदी असलेल्या पदार्थांत मोडते. आपल्यासाठी शेवभाजीचा रस्सा दाट करायची वस्तू, तिथे अफूच्या रोपाचं बी. दुबईला जाणारा मसाला खसखस न घालता करा. पाकिटातला गरम मसाला नेत असाल तर घटक वाचा. सुकं खोबरं नुसतं नेऊ नका, त्यात तेल असतं आणि ते पेट घेतं म्हणून विमानतळावर काढून घेतात.

युरोपात बाहेरून दूध-मांसाचे पदार्थ सोबत नेता येत नाहीत. म्हणजे साजूक तूप, पेढे, खवा घरीच. अमेरिका आणि ऑस्ट्रेलियात बिया, ताजी फळं, ताज्या भाज्या घेऊन उतरू नका. भरताची वांगी नेता येत नाहीत, कितीही जीव तुटला तरी. जे नेताय ते फॉर्मवर लिहा. "खायच्या वस्तू आहेत का?" याला "हो" म्हटलं की बॅग उघडून पाहतात, सोडतात, नाहीतर एखादी वस्तू ठेवून घेतात. "नाही" म्हणून सापडलं तर दंड. उडदाचे पापड, बिबडे, कुरडया, चटण्या सुक्या असतात, बहुतेक ठिकाणी निभावतात. लोणचं मोठ्या बॅगेतच, दोन पिशव्यांत बांधून. हातातल्या बॅगेत १०० मिलिलिटरपेक्षा मोठी पातळ वस्तू जात नाही, आणि तेल सुटलेलं लोणचं त्यांच्या लेखी पातळच. पॉवर बँकेचं उलटं: ती हातातल्याच बॅगेत.

दागिने शक्य तितके कमी. जळगावचं सोनं कितीही चोख असलं तरी परत येताना ते "तिकडून आणलं" समजलं जाऊ शकतं. जास्त घालून जायचंच असेल तर जाताना मुंबईत कस्टमकडून तशी नोंद करून प्रमाणपत्र घ्यावं लागतं, आणि त्यासाठी वेळ हाताशी ठेवावा लागतो.

पैसे आणि मागे राहिलेलं घर

कार्डाचा परदेशी वापर बँकेच्या ॲपमधून स्वतः सुरू करावा लागतो, तो आपोआप चालू नसतो. निघायच्या आधी करा, कारण ओटीपी इकडच्या सिमवर येतो. ते सिम बंद पडू देऊ नका. परकीय चलन रोख नेण्याची मर्यादा एका प्रवासाला ३,००० डॉलर, बाकी फॉरेक्स कार्डावर, म्हणजे आधीच परकीय चलन भरून ठेवलेल्या कार्डावर. भारतीय नोटा २५,००० रुपयांपर्यंत. परतल्यावर टॅक्सीला आणि दादरच्या चहाला लागतातच. तिकडच्या दुकानात मशीन विचारतं, रुपयांत घेऊ का? तिथे नाही म्हणा, त्यांच्याच चलनात द्या. रुपयांत घेताना ते त्यांच्या मनाचा भाव लावतात.

पेन्शनवाल्यांनी नोव्हेंबर लक्षात ठेवावा. हयातीचा दाखला मोबाईलवर चेहरा दाखवून जीवन प्रमाण या सरकारी सेवेवर देता येतो, पण हे जमतं का ते इथे असतानाच पोराकडून शिकून घ्या.

जळगाव ते विमानतळ

हा टप्पा लोक सोपा समजतात. सव्वाचारशे किलोमीटर, गाडी सात तासांत नेते, वेळेवर असेल तर. आपल्याकडच्या बऱ्याच गाड्या उत्तरेतून येतात, हिवाळ्यात धुक्यात अडकल्या की भुसावळलाच चार-पाच तास उशिरा पोहोचतात. धुळ्याहून गाडीने निघालात तर कसारा घाट आणि त्यापुढे भिवंडीचा ट्रॅफिक आहेच. आणि रेल्वे उशिरा आली म्हणून विमान चुकलं, तर बहुतेक पॉलिसी हात वर करतात. त्यांची चुकलेल्या विमानाची भरपाई एका विमानातून दुसऱ्यात जाण्यापुरती असते. म्हणून एक दिवस आधी निघा. कल्याण-डोंबिवलीला खान्देशातल्या प्रत्येकाचं कुणी ना कुणी असतंच, एक रात्र तिथे काढा.

आई-वडील एकटे जात असतील आणि इंग्रजी येत नसेल, तर विमान कंपनीला दोन दिवस आधी कळवून व्हीलचेअर मागा. चालता येत असताना कशाला, असं आमच्या काकूला वाटलं होतं. खुर्ची हा मुद्दा नसतो, ती ढकलणारा माणूस हा असतो. तो इमिग्रेशनपासून दुसऱ्या विमानाच्या दारापर्यंत सोडतो.

तिथे काही झालंच तर

युरोपात ११२, अमेरिकेत ९११. जिवाचं असेल तर आधी हा फोन, विम्याचा नंतर. अमेरिकेत इमर्जन्सीत आलेल्या माणसाला पैशावाचून परत पाठवता येत नाही, १९८६ पासून तसा कायदा आहे. आधी तपासून सावरतात, बिल नंतर येतं. ते मात्र येतंच.

ताप, खोकला, पाय मुरगळला, अशासाठी इमर्जन्सीत जाऊ नका. अर्जंट केअर नावाचे दवाखाने असतात, खर्च कितीतरी कमी. जायच्या आधी कार्डावरच्या मदतीच्या नंबरवर फोन करा, त्यांना पॉलिसी क्रमांक सांगा, कुठे जायचं ते विचारा, आणि ते जो केस नंबर देतील तो लिहून घ्या. दाखल व्हावं लागलं तर हा फोन लवकरात लवकर, जमलं तर त्याच दिवशी, मुलाने करावा. कॅशलेस व्हायचं तर याच फोनवर होतं.

पासपोर्ट हरवला तर आधी पोलिसांत तक्रार, तिची प्रत, मग भारतीय दूतावास. परतण्यापुरतं इमर्जन्सी सर्टिफिकेट तिथे मिळतं.

निघताना दवाखान्यातून सगळं मागून घ्या: डिस्चार्जचा कागद, तपासण्यांचे अहवाल, प्रत्येक बाबीचं वेगळं बिल, पैसे भरल्याची पावती. परत आल्यावर जळगावहून फोन करून हे कागद मिळवणं म्हणजे विहिरीत पडलेली घागर काढणं. बोर्डिंग पासही टाकू नका, प्रवास झाल्याचा पुरावा म्हणून तो मागतात.

क्लेम अडला तर

परतल्यावर ठरलेल्या मुदतीत फॉर्म आणि कागद द्या, दिलेल्या कागदांची पोच घ्या. नामंजूर झालं तर कारण लेखी मागा. आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लिहा. तीस दिवसांत उत्तर नाही, किंवा पटण्यासारखं नाही, तर बीमा लोकपालाकडे जाता येतं. कंपनीने नाही म्हटल्यापासून एका वर्षाच्या आत जावं लागतं, फी नाही, वकील लागत नाही, पन्नास लाखांपर्यंतची भरपाई ते देऊ शकतात. विमा नियामकाच्या बीमा भरोसा पोर्टलवरही तक्रार नोंदवता येते.

साडूंनीही लोकपालाकडे अर्ज केला होता. मी सोबत गेलो होतो. सुनावणीत कंपनीच्या माणसाने फार काही युक्तिवाद केला नाही. त्याने फॉर्मची प्रत टेबलावर सरकवली आणि सहीवर बोट ठेवलं. साडूंनी चष्मा लावून पाहिलं. सही त्यांचीच होती.